अंतराची भाषा

प्रथम वर्षाच्या वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवू लागण्यापूर्वी आम्ही गेली काही वर्षे एक लहानसा स्वाध्याय देत आलो आहोत. ‘आपल्या घरापासून महाविद्यालयापर्यंतचे अंतर एका वाक्यात लिहा.’ आमचे विद्यार्थी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतले. कोणी नेरळचे, कोणी खोपोलीचे, कोणी चौकचे, काही माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधले. उत्तरे बहुधा अपेक्षित येतात. ‘लोकलने वीस मिनिटे.’ ‘एस.टी.ने पाऊण तास, वेळेवर आली तर.’ किलोमीटरमध्ये अंतर लिहिणारा विद्यार्थी विरळा. एका वर्षी एका ठाकरवाडीतल्या मुलीने लिहिले होते, ‘दोन ओढे, एक उतार आणि मग डांबरी.’

त्याच तासाला दुसऱ्या एका मुलाने, ज्याचा मावसभाऊ लंडनला नोकरी करतो, हातातल्या फोनवर पाहून आम्हांला सांगितले, ‘सर, मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. विमानाने साडेनऊ तास.’ वर्ग हसला. मग एकाने हिशेब मांडला, की आठवडाभर खोपोली ते मुंबई रोज जाऊन-येऊन जेवढा वेळ लोकलमध्ये जातो, त्यात माणूस लंडनला जाऊन परत येईल आणि वर काही तास उरतील. हिशेब चुकीचा नव्हता.

ही दोन उत्तरे आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि त्या दिवसाचा तास तिथेच संपला. परंतु आमच्या मनातून ती पुसली गेली नाहीत. एका उत्तरात वाट आहे, दुसऱ्यात तिची दोन टोके आहेत. मराठीचे अध्यापक म्हणून आमची पहिली निष्ठा कोणत्या उत्तराशी असावी, असा प्रश्न आम्हांला पडला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

*

‘अंतर’ या शब्दापासूनच सुरुवात करावी. दोन ठिकाणांमधली लांबी, हा त्याचा अर्थ आज प्रथम डोळ्यांपुढे येतो. पण मूळ संस्कृतात हा शब्द ‘आत’ आणि ‘मध्ये’ या दोन्ही आशयांचा आहे, आणि मराठीने ते दोन्ही जपले. ‘अंतरीची खूण’ म्हणताना आपण मनाविषयी बोलत असतो. दोन माणसांत ‘अंतर पडते’ तेव्हा ती एकाच घरात राहत असली तरी पडते. एखाद्याला ‘अंतर देणे’ म्हणजे त्याला टाकून देणे. एकाच शब्दात लांबी, मन आणि परित्याग एकत्र नांदावेत, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. या भाषेने लांबीचा विचार करताना त्या लांबीच्या दोन टोकांना असलेल्या माणसांचा विचार सोडलेला नाही.

अंतर मोजण्याची जुनी परिमाणे पाहिली तर हेच दिसते. कोस हे परिमाण स्थूलमानाने दोन मैलांचे, पण ते प्रांतोप्रांती बदलत असे. मजल म्हणजे एका दिवसाच्या चालीचा पल्ला. त्यावरून ‘मजल दरमजल’. मुक्काम हा तर अंतराचाच एक भाग. घाटातली मजल लहान, सपाटीवरची मोठी. पावसाळ्यातली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. ‘हाकेच्या अंतरावर’ या प्रयोगात तर मोजपट्टी माणसाचा कंठच आहे. दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण अंतराला भाषेच्या फरकाने मोजते. ही परिमाणे अचूक नव्हती, आणि अचूकतेच्या अभावाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. सांगायचे ते इतकेच, की चालणाऱ्याचे पाय, ऋतू आणि जमिनीचा चढउतार हे घटक त्या मापात धरलेले होते. मैलाचा दगड आल्यावर ते मापातून वगळले गेले.

*

आमच्या परिसरापासून फार दूर नसलेल्या, पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांना परके वाटू नये. दारिद्र्याने आणि कर्जाने गांजलेले हे गृहस्थ, बायजाबाई शिंदे यांच्या मोठ्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणेच्या आशेने १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले आणि थेट त्या वर्षीच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, वाटेत लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. परतल्यावर सुमारे दोन तपांनी त्यांनी ही हकीकत लिहिली. ती चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली.

इतिहासाचे साधन म्हणून या पुस्तकाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांला येथे त्याची एक वेगळी बाजू पुढे आणायची आहे. वरसई ते झाशी हे अंतर आज नकाशावर बोटाने दाखवता येते. गोडसे भटजींच्या पुस्तकात मात्र ते अंतर हेच पुस्तकाचे द्रव्य आहे. ज्या यज्ञासाठी ते निघाले त्यातून संसार सावरण्याइतके काही हाती लागले नाही. प्रवासाचा हेतू फसला. वाटेवर जे घडले तेवढे उरले आणि त्याचेच वाङ्मय झाले. गंतव्यस्थान गळून पडले तरी प्रवासवर्णन उभे राहते, याचा याहून चांगला दाखला आमच्या माहितीत नाही.

दुसरा दाखला याच लोहमार्गावरच्या कल्याणचा. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा. जवळजवळ दोन महिन्यांचा हा प्रवास, त्यानंतर फिलाडेल्फियातील शिक्षण, १८८६ साली पदवी, त्याच वर्षी परतीचा प्रवास, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. त्यांची रक्षा अमेरिकेत पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीसारखे वागवले त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. आज थेट विमान ते पंधरा-सोळा तासांत तोडते. आनंदीबाईंनी ते जिवंतपणी दोनदा आणि मृत्यूनंतर एकदा तोडले. तिसऱ्या खेपेचा हिशेब कोणत्या तासांत करावा?

*

कर्जतचे आम्ही लोक वेगाच्या इतिहासाला अनोळखी नाही. किंबहुना आमचे गाव त्या इतिहासामुळेच नकाशावर मोठे झाले. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि लोहमार्ग १८६३ साली. घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. तो चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने, म्हणजे आमच्या बोलीत बँकर, जोडावी लागतात, आणि ती कर्जतला जोडली जातात. या सक्तीच्या थांब्यावर कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला. वेगाची अडचण झाली तेथे एका गावाला आपली चव सापडली, असे म्हणता येईल. जुन्या मार्गावर घाटात एक उलट फिरण्याचे स्टेशन होते. तेथे गाडीची दिशा बदलून पुढचा चढ चढावा लागे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन निकालात निघाले. पुढल्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी धावू लागली.

या मार्गाबरोबर आणखी एक गोष्ट आली. रेल्वेची घड्याळे त्या काळी मद्रासच्या वेळेवर चालत आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे असत. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. तरी मुंबईने आपली वेळ, जी प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटांनी मागे होती, ती महापालिकेच्या कारभारापुरती १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे एका पिढीला स्टेशनाबाहेर एक वेळ आणि स्टेशनात दुसरी वेळ, अशा दोन काळांत वावरावे लागले. आज दूरदेशी मुलगा असलेल्या घरांत भिंतीवर दोन घड्याळे दिसतात. ती सवय आम्हांला वाटते तितकी नवी नाही.

घाटाच्या कामाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यानंतर अल्पावधीतच वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी तो ठेका पुरा करवून घेतला. ही हकीकत पुस्तकांतून वाचायला मिळते, आणि मिळावीच. परंतु ज्या हजारो मजुरांनी कातळ फोडले आणि ज्यांतले कित्येक पटकीने व अपघातांनी गेले, त्यांची नावे कोठे नाहीत. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर, इतके तास, इतकी मिनिटे, हे वेळापत्रकातले दोन आकडे त्या निनावी माणसांच्या श्रमावर उभे आहेत. वेळापत्रकाला त्यांचा उल्लेख करण्याचे कारण नाही. वाङ्मयाला आहे.

नेरळ ते माथेरान ही १९०७ सालची छोटी गाडी आमच्याच तालुक्यातली. सुमारे एकवीस किलोमीटर जायला तिला दोन तासांहून अधिक लागतात. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत अर्ध्या तासात पोहोचते. तरी लोक गाडीसाठी रांग लावतात, कारण त्यांना मधला डोंगर पाहायचा असतो. मंदपणा हा येथे विकत घेण्याचा माल झाला आहे. वाडीतून पाटी डोक्यावर घेऊन तीच चढण चढणाऱ्या बाईला मात्र तो फुकट आणि सक्तीने मिळतो. मंद प्रवासाचे गुणगान करणाऱ्या लेखकांनी हा भेद विसरू नये.

*

आता विमानाकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईस जुहूला उतरले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा असे मुक्काम करीत लंडनला गेले. ‘मुक्काम’ हा शब्द तेव्हाही विमानाला लागू पडत होता. पुढे मुक्काम गेले आणि दोन शहरांमध्ये केवळ एक आकडा उरला.

हा आकडा निसर्गाने दिलेला आहे, असा आपला समज असतो. तसे नाही. मुंबईहून लंडनला जाताना विमानाला पश्चिमेकडून येणाऱ्या उंचावरील वाऱ्यांना तोंड द्यावे लागते आणि येताना तेच वारे पाठीशी असतात. म्हणून जाण्याचा वेळ येण्याच्या वेळेहून जास्त. वाऱ्याचे एक वेळ समजू शकते. पण २०१९ साली काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांचा वेळ वाढला. शहरे होती तेथेच होती. लांब झाले ते दोन देशांमधले अंतर, आणि त्याची मिनिटे तिऱ्हाईत प्रवाशाच्या पदरात पडली.

याचे आणखी बोलके उदाहरण रायगडच्याच माणसांचे आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज या भूमीवर आले, अशी परंपरा सांगणारे बेने इस्रायली शतकानुशतके या जिल्ह्यातल्या गावांतून राहिले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी सुटी, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. जाताना त्यांनी आपली आडनावे नेली. पेणकर, रोहेकर, नवगावकर. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले. मुंबई ते तेल अवीव हे सरळ अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. पण इस्रायली विमानांना सौदी अरबस्तानचे आकाश बंद होते, त्यामुळे मुंबईहून निघणारे त्यांचे विमान अरबी द्वीपकल्पाला वळसा घालून तांबड्या समुद्रावरून जात असे. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सौदी आकाशातून थेट उड्डाण सुरू केले, तेव्हा इस्रायली कंपनीच्या वळशाच्या तुलनेत सुमारे दोन तास वाचले. पुढे सौदीने २०२२ साली आणि ओमानने २०२३ साली आपले आकाश खुले केले. म्हणजे पेणच्या आत्याकडून तिकडच्या भाच्याकडे जाण्याचा वेळ कोणाच्या तरी परराष्ट्रधोरणावर अवलंबून होता. आकाशातही वेशी असतात. त्या जमिनीवरून दिसत नाहीत, इतकेच.

आणि आडनावांचे पाहा. पेणकर हा शब्द म्हणजे नावातच कोरलेले एक अंतर आहे. पेणमध्ये राहणाऱ्याला पेणकर म्हणवून घेण्याची गरज सहसा पडत नाही. पेण सोडल्यावरच हे नाव अर्थपूर्ण होते. मराठीतील ‘कर’ प्रत्ययांत आडनावे हा विरहाचा शब्दकोश आहे, असे आम्ही वर्गात सांगतो.

*

येथवर वाचून कोणी म्हणेल, की अध्यापकमंडळी स्मरणरंजनात रमली आहेत. या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आमच्यातच उठला होता. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे, की मधल्या वाटेचे प्रेम ज्याला ती वाट रोज तुडवावी लागत नाही त्यालाच परवडते. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आलेल्या मुलाला साडेनऊ तास हे वरदान आहे. त्याला मजल दरमजलचे सौंदर्य ऐकवणे हा क्रूरपणा होईल. गोडसे भटजींना आगगाडी मिळाली असती तर ते चालत गेले नसते. आणि वाडीतल्या मुलीला, जिच्या वाक्याचे आम्ही इतके कौतुक करतो, तिला ओढ्यावर पूल हवा आहे. आमचे कौतुक नको आहे.

हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. वेग हा कोणाची तरी हौस असतो तसा कोणाचा तरी हक्कही असतो. मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? ती अशी, की वेगाचा आकडा ज्या ठिकाणांना लागू होतो तेवढीच ठिकाणे आपल्याला दिसू लागली आहेत. ज्यांच्यामध्ये उड्डाण नाही, द्रुतगती मार्ग नाही, लोकल नाही, त्यांचे अंतर मोजायला आपल्याजवळ भाषाच उरलेली नाही. आणि जे मोजता येत नाही ते यादीतून गळते.

हे विधान हवेतले नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही वाडी. वस्ती सव्वादोनशेच्या आसपास. मुंबईपासून सुमारे ऐंशी किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाताना इर्शाळगडाचे सुळके डाव्या हाताला स्पष्ट दिसतात, आणि त्या मार्गावरून रोज हजारो मोटारी जातात. पण वाडीला रस्ता नव्हता. बचावपथकांना पायथ्याच्या गावापासून पावसात, चिखलात, अंधारात तास-दीड तास चढून जावे लागले. माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत. माणसांनी कुदळफावड्यांनी माती काढली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा तो चढ चढतानाच मृत्यू झाला. वायुदलाची हेलिकॉप्टरे सांताक्रूझला सज्ज ठेवली होती. हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे मिळाली नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे राज्य सरकारकडूनच सांगण्यात आले.

सांताक्रूझ ते इर्शाळवाडी हे हवाई अंतर विमानविद्येच्या दृष्टीने काहीच नाही. ते मिनिटांचे अंतर आहे. त्या रात्री ते लंडनहून लांब होते. आणि हे त्या रात्रीपुरतेच नव्हते, हे आम्ही कबूल केले पाहिजे. गरोदर बाईला झोळीतून खाली आणताना ते तेवढेच लांब होते. शाळेला खाली येणाऱ्या मुलांना तेवढेच लांब होते. आम्ही द्रुतगती मार्गाच्या या बाजूला वर्ग घेत होतो आणि त्या बाजूच्या डोंगराकडे पाहत होतो. पाहत होतो म्हणजे निसर्गसौंदर्य म्हणून पाहत होतो.

२००२ साली पूर्ण झालेला हा द्रुतगती मार्ग आमच्या तालुक्याच्या मधोमध जातो. त्यावर दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु खालापूरच्या सामान्य कुटुंबाचे वाहन दुचाकी हेच आहे. त्यामुळे तालुक्यातली सर्वांत वेगवान वाट तालुक्यातल्या पुष्कळ माणसांना केवळ पुलाखालून ओलांडण्यासाठी आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जायला निघतात, भांडी, कोंबड्या आणि लहान मुले घेऊन, मालकाने पाठवलेल्या टेम्पोतून. त्यांचा प्रवास कोणत्या दोन शहरांमधला म्हणायचा? शाळेच्या हजेरीपटावर तो दीर्घ अनुपस्थिती म्हणून नोंदला जातो. ही आमच्या भागातल्या सर्वांत मोठ्या वार्षिक प्रवासाची लेखी नोंद आहे.

*

गेल्या काही दशकांतले मराठी प्रवासवर्णन या प्रश्नापासून दूर गेले, असे आमचे मत आहे. पुस्तक विमानतळावर सुरू होते, पहिल्या परिच्छेदात उड्डाणाचे तास येतात, दुसऱ्यात परक्या शहराची थंडी. घर ते विमानतळ हा भाग गाळलेला असतो. अपवाद आहेत, आणि चांगले आहेत. परंतु रिवाज हाच. त्या रिवाजाला आमच्यासारख्या अध्यापकांचाही हातभार लागला. ‘लेखकाने केलेल्या परदेशवर्णनाची वैशिष्ट्ये सांगा’ असा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे काढला. ‘लेखकाने काय गाळले?’ असा प्रश्न काढला नाही. ‘लेखकाचे सामान कोणी उचलले?’ हा तर सुचलाही नाही.

आता रायगड जिल्ह्याला स्वतःचे विमानतळ आहे. पनवेल तालुक्यात उलव्याजवळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी एक टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे उठली. ‘दोन शहरांमधील उड्डाणाचा वेळ’ या कोष्टकात आता एका बाजूला आमचाच जिल्हा असणार. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तेथे नोकरीला लागेल, कोणी तेथून उडेलही. उडावे. त्या मावसभावाप्रमाणे लंडनला जावे, ठाकरवाडीतल्या मुलीनेही जावे. आमची अपेक्षा एवढीच, की तिने प्रवासवर्णन लिहिले तर ते त्या दोन ओढ्यांपासून सुरू व्हावे. उड्डाणाचे साडेनऊ तास त्यात एका वाक्यात आले तरी चालतील.

या वर्षापासून आम्ही स्वाध्याय थोडा बदलला आहे. अंतर एका वाक्यात लिहा, असे आता आम्ही म्हणत नाही. दोन पाने लिहा, म्हणतो. वाटेत कोण भेटते, कोठे थांबावे लागते, पावसाळ्यात काय बदलते, आणि याच वाटेने आजारी माणसाला न्यायचे झाल्यास किती वेळ लागेल, ते लिहा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुले खुशीने लिहितात. चौथ्या प्रश्नाशी बहुतेकांची लेखणी थबकते. काही वाड्यांतली मुले मात्र तेथे थबकत नाहीत. त्यांना तो वेळ पाठ असतो.